ओळ आधी बोलून बघा: घरच्या घरी गाणं रचणाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे नोकरी सांभाळून हौसेनं गाणी रचतात. गिटारवर चार कॉर्ड येतात, हार्मोनियमवर बोटं जेमतेम चालतात, शास्त्रीय शिक्षण नाही. शब्द आधी लिहावेत की चाल आधी बांधावी, राग शिकल्याशिवाय चालेल का, आपल्या सगळ्या चाली एकसारख्या का वाटतात, मुखडा म्हणजे ध्रुवपद सुचतं पण अंतरा म्हणजे पुढचं कडवं का सुचत नाही, हे त्यांना जाणून घ्यायचंय. आजीवर लिहिलेल्या गाण्याच्या दोन ओळी सोबत दिल्यात: 'पाऊस पडता अंगणात, आठवण तुझी येते मनात'. एका स्टुडिओनं अरेंजमेंटचे पैसे सांगितलेत, ते भरावेत का, असंही विचारलंय.

शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी, बालनाट्यांसाठी आणि छोट्या मंडळांच्या भावगीतांच्या कार्यक्रमांसाठी मी बरीच वर्षं चाली लावते आहे. हौशी लोकांची गाणी कानावरून सतत जातात. ती अडतात ती रागाच्या अज्ञानामुळे क्वचितच. बहुतेक वेळा शब्दांची लांबी आणि ठेक्याची लांबी जुळत नाही, आणि रचणाऱ्याला ते जाणवतं पण नेमकं कुठे ते सापडत नाही. म्हणून रागाचं नंतर बोलू, आधी तुमच्या ओळींकडे येते.

ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अनुस्वार असलेलं अक्षर दीर्घ धरायचं, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर तेही दीर्घ. 'सत्य'मधला स दोन मात्रांचा होतो. पण 'तुझ्या', 'पुन्हा', 'तुम्ही' या शब्दांत आघात येत नाही, तिथे तु आणि पु एकाच मात्रेचे राहतात. शंका आली तर शब्द मोठ्यानं म्हणा, कान चुकत नाही. या हिशेबानं 'पाऊस पडता अंगणात' होतं पाच, चार आणि सहा, म्हणजे पंधरा. 'आठवण तुझी येते मनात' होतं पाच, तीन, चार आणि चार, म्हणजे सोळा. एका मात्रेचा फरक काही मोठा नाही, 'अंगणात'मधला णा लांबवून तो भरून निघतो. खरी गंमत पुढे आहे.

केरवा नावाच्या ठेक्याच्या आठ मात्रा चार-चारच्या दोन भागांत पडतात: धा गे ना ति, न क धि न. आता पहिली ओळ टाळी देत म्हणून बघा. 'पाऊ' या चार मात्रा झाल्या. पुढच्या चारांत 'सपड' या तीन बसतात आणि 'ता' दोन मात्रांचा असल्यामुळे अर्धा या भागात, अर्धा पुढच्या भागात लोंबकळतो. दुसरी ओळ याच्या उलट. ती मोजायला एकदम चोख: 'आठव', 'णतुझी', 'येते', 'मनात', प्रत्येकी चार. कागदावर सगळं बरोबर, पण गायलात की ऐकणाऱ्याला 'आठव' आणि 'णतुझी' असे दोन भलतेच शब्द ऐकू येतात. तुम्ही लिहिलंय की ही ओळ म्हणताना 'काहीतरी अडखळतं'. ते हेच. मात्रा बरोबर असूनही शब्द चुकीच्या जागी तुटू शकतो, आणि हौशी गाण्यांत मला सगळ्यात जास्त वेळा खटकतं ते हे.

उपाय सोपा आहे. शब्दांची अदलाबदल करा: 'तुझी आठवण'. तीन अधिक पाच, आठ. केरव्याचं एक आवर्तन, म्हणजे ठेक्याची एक फेरी, भरलं आणि शब्द अखंड राहिला. 'आठवण' चौथ्या मात्रेवर, म्हणजे ठेक्याचा जोर पडण्याच्या जरा आधीच उठतो, त्यामुळे ओळीला आपोआप झोका येतो. किंवा ठेकाच बदला. दादरा सहा मात्रांचा. 'आठवण'नंतर एक मात्रा मोकळी सोडली की आ-ठ, व-ण असे तीन-तीनचे दोन भाग पडतात आणि तो एकटा शब्द एक आवर्तन घेतो. शब्द एका ठेक्यात बसत नसेल तर त्याला ठोकून बसवण्याआधी दुसऱ्या ठेक्यात म्हणून बघायचं, ही सवय लावून घ्या.

हे झालं मापाचं. पण तुमच्या ओळीतली दुसरी अडचण मापाची नाही. पाऊस पडतो आणि आठवण येते, हे कुणालाही, कुणाबद्दलही म्हणता येईल. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की गावाकडे पावसात वीज गेली की आजी पडवीतून ओरडायची, 'दिवा लाव रे!' गाणं तिथे आहे. ओळींत ते आलंच नाही.

'दिवा लाव रे' मोजा. तीन, तीन आणि दोन. आठ! आजीनं केरव्याचं आवर्तन तयार करूनच ठेवलंय. पुढे 'सांज झाली' घेतलं तर सात मात्रा होतात आणि आठवी मात्रा श्वासाला मोकळी राहते. नवशिके श्वासासाठी जागाच ठेवत नाहीत, मग गाणाऱ्याला शब्दाच्या मधे श्वास तोडावा लागतो. दुसऱ्या ओळीला मी हे सुचवेन:

दिवा लाव रे, सांज झाली
वीज गेली, वाट ओली

'वीज गेली' सात, 'वाट ओली' सात. इथे रिकामी मात्रा शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवा. पहिली मात्रा सोडून दुसरीवर 'वीज' उचला. 'गेली'तला गे बरोबर पाचव्या मात्रेवर येतो, 'ओली'तला ओसुद्धा. पहिली ओळ समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून उठते, दुसरी सम सोडून उठते. एवढ्याशा फरकानं दोन ओळी एका साच्यातून काढल्यासारख्या वाटत नाहीत. यमकाचंही जाता जाता सांगते. मराठीत क्रियापदांची यमकं फुकट मिळतात: येते-जाते-गाते, झाली-गेली-आली. चार ओळींत चार क्रियापदं जुळवली की गाणं पाठांतराच्या कवितेसारखं वाजतं. 'ओली' हे विशेषण आहे, त्यामुळे इथे ते जरा निभावतं.

आता चाल. वाद्य बाजूला ठेवा. आजी ज्या सुरात हाक मारायची तसं ते वाक्य म्हणा, अगदी तिची नक्कल करत. 'दिवा' खालून उठतं, 'लाव'वर आवाज वर जातो, 'रे'वर उतरतो. हाच तुमच्या चालीचा आराखडा. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा आणि हा चढउतार सुरांत धरा. मी भूप रागाच्या पाच सुरांत धरून दाखवते, कारण त्यात चुकायला फारशी जागा नाही: सा, रे, ग, प, ध. 'दि'ला सा, 'वा'ला ग, 'ला'ला प, 'व'ला परत ग आणि शेवटच्या अक्षराला रे. 'सांज झाली'ला ग, प, ग, रे. पहिली ओळ सा वर आणून संपवू नका, संपवलीत तर ऐकणाऱ्याला वाटतं झालं गाणं. दुसरी ओळ प वरून उचला: 'वीज गेली'ला प, ध, प, ग आणि 'वाट ओली'ला रे, ग, रे, सा. आता घरी आलात.

ही चाल ग्रेट नाही. पण ती बोलण्यातून आली आहे, म्हणून शब्द समजतात. एवढं जमलं की मग त्यात सुरांची सजावट करा: मुरकी घाला, एखादा सूर लांबवा, 'रे'वर हरकत घ्या. उलट क्रमानं, म्हणजे आधी हरकती सुचल्या म्हणून त्यांत शब्द कोंबायचे, हे निष्णात गायकांनाच परवडतं.

सूर लांबवण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बोलताना आपण 'सांज', 'वीज', 'वाट', 'लाव' यांतलं शेवटचं अक्षर अर्धवटच उच्चारतो. गाताना त्याला सूर मिळाला की त्यात 'अ' येतो, तो टाळता येत नाही, पण त्याला एका मात्रेपेक्षा जास्त देऊ नका. 'सांजऽऽ' असा ज ताणला की ऐकवत नाही. ताणायचं तर आ, ई, ए, ओ ताणा. 'सां'मध्ये आ धरून ठेवायचा आणि अनुस्वार शेवटी मिटायचा. आणि गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शक्यतो आ किंवा ओ असलेल्या अक्षरावर येऊ द्या. वरच्या पट्टीत ई गाताना तयारी नसलेल्या गळ्याची किंचाळी निघते.

तुमच्या चाली एकसारख्या का वाटतात, याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे: सी, जी, ए मायनर, एफ. कॉर्डचं तेच चक्र, दर चार मात्रांनी तोच बदल, उजव्या हाताचा तोच झपका. गळा बिचारा कॉर्डमधल्या सोयीच्या सुरांवर जाऊन बसतो. चाल तुम्ही करत नाही, गिटार करतं. म्हणून ध्रुवपदाची चाल पक्की होईपर्यंत गिटारला हात लावू नका. चाल झाली की मग तिच्याखाली कॉर्ड शोधा. तेव्हा तुम्हाला त्या चारांत नसलेला एखादा कॉर्ड लागेल आणि तो शिकावा लागेल. हार्मोनियमचाही थोडा असाच त्रास आहे, बोटांना सवयीच्या जागा असतात. पण निदान ती ठेका लादत नाही.

एक प्रयोग करा. वर दिलेली भुपातली चाल जशीच्या तशी ठेवा, फक्त ग कोमल करा, म्हणजे अर्ध्या सुरानं खाली उतरवा. बाकी सगळं तेच. सा, रे, कोमल ग, प, ध हे शिवरंजनी रागाचे सूर. हाक मारणारी आजी एका सुराच्या फरकानं आठवणीतली आजी होते. राग शिकायला हवेत का, या प्रश्नाचं माझं उत्तर या प्रयोगात आहे. आलाप-तानांसह रागाची मांडणी यायची गरज नाही. पण भूप, यमन, भीमपलास, भैरवी यांचे सूर कोणते आणि एक सूर बदलला की काय होतं, एवढं कानाला कळलं पाहिजे. पेटीवर सरगम वाजवत, रोज थोडा वेळ, काही महिन्यांत येतं. क्लास लावला तर उत्तमच. पण 'आधी राग शिकेन, मग गाणी करेन' म्हणणारे गाणी करताना मला फारसे दिसलेले नाहीत.

शब्द आधी की चाल आधी? दोन्ही चालतं. सिनेमात बऱ्याचदा चाल आधी असते आणि गीतकार तिच्या मीटरमध्ये शब्द भरतो. भावगीतात बहुधा कविता आधी. तुमच्यासाठी मी म्हणेन, फक्त पहिली ओळ शब्दांची, तिची चाल लगेच, आणि पुढच्या ओळी त्या चालीत डमी शब्द घालून. 'तारारा' किंवा 'आज बाजारात वांगी' काहीही. माप कानात बसलं की खरे शब्द येतात. वांगी काढायला मात्र विसरू नका.

माप कानात बसवायचा आपल्याकडचा जुना मार्ग म्हणजे मनाचे श्लोक. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' हे भुजंगप्रयात. लघु म्हणजे एका मात्रेचं अक्षर, गुरु म्हणजे दोन मात्रांचं; लघु-गुरु-गुरु चार वेळा, १२ अक्षरं, २० मात्रा. २०५ श्लोक याच वृत्तात आहेत आणि बहुतेक मराठी घरांत हे माप नकळत पाठ झालेलं असतं. रोजची कोणतीही गोष्ट त्या चालीत म्हणून बघा, स्वयंपाक, ट्रेन, बॉसचा फोन. विनोदी होईल, होऊ द्या. अभंग त्याहून दयाळू. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं मोजायची, मात्रा नाहीत, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. लघु-गुरु कसंही आलं तरी गाताना अक्षर लांबवून घेता येतं. सुरुवातीला मात्रांनी जीव नकोसा झाला तर एखादं गाणं अभंगाच्या मापात करा.

अंतरा न सुचण्याचं कारण मला तरी बहुतेकदा सुरांमध्ये नाही, मुखड्याच्या शब्दांमध्ये सापडतं. 'पाऊस पडता आठवण येते' म्हटल्यावर सांगून संपलं. पुढे फक्त तेच वेगळ्या शब्दांत म्हणता येतं: मन भरून येतं, डोळे पाणावतात. 'दिवा लाव रे' म्हटलं की प्रश्न उभे राहतात. कोण म्हणतंय? कुणाला? दिवा लावल्यावर काय दिसलं? आता ते कोण म्हणतं? प्रत्येक प्रश्नाला एक कडवं. पहिलं असं होऊ शकेल:

काच पुसली, वात चढली
भिंतीवरती आजी मोठी
हात हलला, भिंत हलली

पहिली आणि तिसरी ओळ सात-सात, मधली आठ-आठ. मधल्या ओळीत श्वासाला जागा नाही, ती सलग जाते, आणि 'आजी'तला आ बरोबर नव्या आवर्तनाच्या समेवर येतो. तिथे तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा द्या. कडव्याची सुरुवात प वरून करा, म्हणजे वर चढायला वाव राहतो. ध्रुवपद खालच्या अर्ध्या सप्तकात आणि अंतरा वरच्या, ही सर्वसाधारण रीत आहे. ती पाळलीच पाहिजे असं नाही, पण ध्रुवपदातच तार सा गाठून बसलात तर अंतऱ्याला जायला जागा उरत नाही. तिसरी ओळ उतरत येऊन रे वर थांबवा. तिथून ध्रुवपदाचा सा आपोआप हवासा वाटतो. या परतीच्या ओळीला बरेच संगीतकार क्रॉस लाइन म्हणतात आणि माझ्या मते गाण्यातली सगळ्यात अवघड ओळ तीच. ध्रुवपद आठवून आठवून गळ्यात बसलेलं असतं, अंतराही कसाबसा होतो, पण परतताना लोक आपटतात.

सावली हा शब्द मी मुद्दाम घातला नाही. भिंतीवर आजी मोठी दिसली म्हटल्यावर सावली कळते. गाण्यात ऐकणाऱ्याला एवढं काम ठेवावं. बाकीची कडवी तुमची तुम्ही करा, तुमच्या आजीच्या पडवीत काय काय होतं मला माहीत नाही. घरात बोलता त्याच बोलीत केलीत तर जास्त बरं. वऱ्हाडी असो, मालवणी असो, अहिराणी असो, 'विरह' आणि 'गगन' यांच्यापेक्षा ते शब्द तुमच्या तोंडात जास्त बसतील.

काही बारीकसारीक. पट्टी, म्हणजे सा कोणत्या सुरावर धरायचा ते, ठरवताना गाण्यातला सगळ्यात वरचा सूर आधी गाऊन बघा, तो आरामात लागेल ती पट्टी. पुरुषांची साधारण पेटीवरच्या काळी एक-दोनच्या आसपास पडते, बायकांची काळी चार-पाचच्या, पण गळा ज्याचा त्याचा. सुचलेलं लगेच मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि फाइलच्या नावात ओळ आणि पट्टी लिहा. 'न्यू रेकॉर्डिंग ४७' मध्ये काय होतं ते पुढच्या महिन्यात कुणाला आठवत नाही. चाल झाली की जुनी गाणी ऐकणाऱ्या एखाद्या काका-मावशींना शब्दांशिवाय गुणगुणून दाखवा. 'हे तर अमुक गाणं' असं ते ताडकन म्हणाले तर ती चाल तुमच्या डोक्यात आधीपासून होती असं समजा आणि निदान पहिली ओळ बदला. दुसऱ्या कवीची कविता घेऊन चाल लावणार असाल तर कवीच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं तिच्यावर कॉपीराइट असतो. घरात गायला कुणी अडवत नाही, पण यूट्यूबवर टाकायची तर परवानगी घ्या.

आणि मुदत घाला. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत या हिशेबानं सुरू झालं. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, ५६ गीतं. त्या दोघांची प्रतिभा आपल्याकडे नाही हे उघड आहे, पण कार्यक्रमाची तारीख आपल्यालाही लावून घेता येते. सोसायटीचा गणपती, नातेवाइकांची साठी, शाळेचं संमेलन, काहीही चालेल. तारीख नसेल तर दुसरं कडवं होतच नाही.

स्टुडिओला पैसे आत्ता देऊ नका. अरेंजर व्हायोलिन, बासरी, पॅड घालून देईल, पण 'आठव-णतुझी' तसंच राहील, उलट महाग होऊन राहील. आधी फक्त पेटी आणि तबल्यावर, तबलजी नसेल तर अ‍ॅपच्या केरव्यावर, चार माणसांसमोर गा. शब्दांचा कागद त्यांना देऊ नका. गाऊन झाल्यावर एकेकाला विचारा, 'तू काय ऐकलंस?' जो शब्द दोघांना कळला नाही तो बदला, चांगला असला तरी. अशा दोन-तीन बैठकी झाल्यावर स्टुडिओत जा आणि जाताना तीन गोष्टी न्या: पट्टी, मेट्रोनोमवर पक्की केलेली लय, आणि ज्यावर श्वासाच्या जागा पेन्सिलीनं खुणा करून दाखवल्या आहेत असा शब्दांचा कागद. हे हातात असलं की अरेंजरचे तास कमी लागतात, आणि तुमचं बिलही.